रविवारचा तिसरा नमुना

सोमवार, ३ मार्च

शुगर निघाली. तीन महिन्यांची सरासरी — ८.४!

रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा मी रिक्षात, कोलशेतच्या सिग्नलला. दोनदा वाचला. देवेशला फॉरवर्ड केला, मग आईला, मग अपूर्वला. याच क्रमाने. घरी आल्यावर लक्षात आलं की नवऱ्याच्या आधी भावाला पाठवायला हवा होता. किडनी त्याला हवी आहे.

म्हणजे मी बाद. हॉस्पिटलात ट्रान्सप्लांटचं बघणाऱ्या बाईंना फोन केला. ‘डायबेटिस असेल तर पुढच्या तपासण्या करून उपयोग नाही, मॅडम. रिपोर्ट पक्का आहे ना?’ म्हटलं, पक्का. लॅब ओळखीची आहे.

आई एकोणसत्तर वर्षांची, वर बीपी. बाबा नाहीत. अपूर्वचं लग्न मोडून सहा वर्षं झाली. यादीत मी एकटीच होते.

संध्याकाळी देवेश म्हणाला, ‘सुटलीस.’ मग स्वतःच दचकला — ‘तसं नाही गं, म्हणजे…’ मी म्हटलं, कळलं.

काही वाटत नाहीये. वाईट नाही, बरंही नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग गाल आपला राहत नाही, तसं.

मंगळवार, ४ मार्च

बिनसाखरेचा चहा. शी!

गुरुवार, ६ मार्च

सगळे डॉक्टर झालेत. शेजारच्या काकू कारल्याचा रस. देवेशच्या ऑफिसातला कोणीतरी जांभळाच्या बियांची पावडर. आई रोज फोनवर — ‘भात सोड, भात सोड.’ अपूर्वबद्दल एक अक्षर नाही बोलत. मीही नाही काढत.

दुपारी दोन तास गाढ झोपले. फोनसुद्धा ऐकू आला नाही.

शुक्रवार, ७ मार्च

डोंबिवलीला गेलेले, अपूर्वच्या डायलिसिसला. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास. खुर्चीत आडवा, एका हाताला नळ्या, दुसऱ्या हाताने लॅपटॉप. छत्तीस वर्षांचा आहे. मला या धंद्यात त्यानेच ओढलं. लॅब, दवाखाने, छोटी ऑफिसं — त्यांचे कंप्यूटर बसवायचे, सांभाळायचे. आम्ही दोघं करायचो. वर्षभर मी एकटी करते.

‘या या, मधुमेही ताई!’

‘गप रे.’

‘चेहरा बरा दिसतोय तुझा.’

‘झोप होतेय.’

‘छान,’ म्हणाला. मग बराच वेळ माझ्याकडे बघत बसला. मी विचारलं, काय रे? तर म्हणे, काही नाही, पाणी प्यायचंय. दिवसाला एक बाटली, त्याच्या वर नाही. त्याने दोन घोट घेतले आणि झाकण लावलं. नर्सने येऊन मशीनचा आवाज बंद केला. मी साडेबाराला निघाले.

बुधवार, १२ मार्च

सकाळी रुपालीचा फोन. ती लॅब चालवते, कल्याण-शीळ रोडला. माझं रक्त तिच्याकडेच दिलेलं. म्हणाली, कंप्यूटर तपासून जा. ‘बंद पडला का?’ ‘नाही गं, चालतोय. पण बघून जा एकदा. यूपीएस पण मरायला टेकलाय.’ चालतोय तर बघायचं काय! पण गेले. वर्षाचं कंत्राट आहे.

नीट लिहून ठेवते. उद्या डोक्यात राहणार नाही.

तिच्याकडे शुगरची दोन मशीन. एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची, सेकंडहँड. दोन्ही एकाच कंप्यूटरला जोडलेली. मशीन स्वतःचं नाव सांगत नाही. फक्त ‘जागा ३ — ८.४’, म्हणजे तिसरा नमुना आणि त्याचा आकडा, एवढंच पाठवतं. ते कुठल्या मशीनचं, हे कंप्यूटरने ओळखायचं — कुठल्या वाटेने आलं त्यावरून.

आणि वाटेला नाव कोण देतं? कर्नल, कंप्यूटरच्या सिस्टिमचा गाभा. एक केबल सापडली की तो डेव्ह फोल्डरमध्ये तिच्यासाठी टर्मिनलचा एक नोड, म्हणजे नाव लावलेलं एक दार, उघडतो, टीटीवाय-यूएसबी-शून्य. दुसरी सापडली की टीटीवाय-यूएसबी-एक. कुठली केबल कुठल्या मशीनची, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. जी आधी हाताला लागली ती शून्य. दवाखान्यात टोकन देतात तसंच, आधी आला त्याला आधीचा नंबर.

आणि मी प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलेलं: शून्य म्हणजे मशीन एक, एक म्हणजे मशीन दोन. हाताने! अपूर्व तेव्हाच ओरडलेला. ‘ताई, नंबरच्या भरवशावर राहू नकोस. यूडेव्हचा नियम लिही. केबल कंप्यूटरच्या कुठल्या खाचेत आहे त्यावरून कायमचं नाव दे.’ केबल स्वस्तातल्या, त्यांच्यात सीरियल नंबरही नाही, दोन्ही अगदी सारख्या. खाचेवरूनच ओळखायच्या. अर्ध्या तासाचं काम. मी म्हटलं, लिहिते रे नंतर. दोन वर्षं झाली.

आज जुने लॉग चाळले. कंप्यूटर किती वेळा चालू झाला, दर वेळी कुठली केबल आधी सापडली. रोज तोच क्रम. एकच दिवस उलटा — रविवार, २ मार्च. सकाळी लाइट गेली, यूपीएसने मान टाकली. कंप्यूटर परत उठला तेव्हा मशीन एकची केबल, ती एका हबमधून, जादा खाचांच्या डबीतून, येते, चार सेकंद उशिरा सापडली. तोवर शून्य नंबर दुसरीने घेतलेला.

रविवारी लॅब अर्धा दिवस. शुगरचे सहाच नमुने. तीन एका मशीनवर, तीन दुसऱ्यावर. मशीन एक, जागा तीन: मी. मशीन दोन, जागा तीन: राघो, वय चौसष्ट, शीळफाट्याजवळचं गाव.

त्यांचा रिपोर्ट ५.३. माझा ८.४.

उलटं. उलटं आहे ते!

बाकी चौघांचे आकडे साडेपाचच्या आसपास. त्यांची अदलाबदल झाली तरी कोणाच्या बापाला कळलं नसतं. सोमवारी कंप्यूटर नेहमीसारखा चालू झाला आणि सगळं आपोआप सरळ. म्हणून कोणाला पत्ता नाही.

नियम लिहिला. दोन्ही केबल उपटून उलट्या क्रमाने लावून बघितल्या. नावं बरोब्बर. प्रोग्रॅममध्येही तीच नावं टाकली. रुपालीने चहा आणला, ‘बिनसाखरेचा हं.’ विचारलं, ‘सापडलं काही?’

मी म्हटलं, यूपीएसची बॅटरी बदल.

गुरुवार, १३ मार्च. होळी.

आईने पुरणपोळ्या पाठवल्या. देवेशसाठी. माझ्यासाठी डबाभर भोपळ्याची भाजी.

‘माझी शुगर नॉर्मल आहे.’ हे वाक्य इथे लिहून बघितलं. काही वाटलं नाही.

अपूर्व बारावीत असताना घरी एक जुना कंप्यूटर घेऊन आलेला. त्यात मेकडेव्ह नावाची स्क्रिप्ट होती. ती सगळे नोड आधीच बनवून ठेवायची, यंत्र लावलेलं असो नसो. शेकड्याने नावं! त्यातलं एखादं उघडायला गेलं की उत्तर यायचं, असं यंत्र नाही. अपूर्वला त्याचं जाम हसू यायचं. आता तसं नाही. वस्तू लावली की नोड उगवतो, काढली की जातो. नोडच्या आत काही नसतं, एक बाइटही नाही. नुसते दोन आकडे. कुठला ड्रायव्हर, म्हणजे यंत्र चालवणारा प्रोग्रॅम, आणि त्यातलं कितवं यंत्र. नाव, परवानग्या, सगळं नंतर वरून लावलेलं.

हे मी कशाला लिहितेय? दुसरं लिहायचं नाहीये म्हणून.

मला किडनी द्यायची नाहीये. बास. लिहिलं. पहिल्या दिवसापासून द्यायची नव्हती. टेबलावर झोपायची भीती वाटते, नंतरची भीती वाटते, सगळ्याचीच वाटते. मोठं कारण काही नाही. हे तोंडाने सांगायची वेळच आली नाही, माझ्याऐवजी मशीनने सांगितलं.

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. खाली सोसायटीत डीजे. बाहेर पडले नाही. डायलिसिसलाही गेले नाही.

शनिवार, १५ मार्च

ठाण्यात दुसरीकडे रक्त दिलं. देवेशला सांगितलं नाही. संध्याकाळी रिपोर्ट. ५.२. प्रिंट घेतला, चार घड्या घालून पर्सच्या चेनच्या कप्प्यात. का घेतला प्रिंट कोण जाणे. फोनवर होताच की.

सोमवार, १७ मार्च

पाच दिवस मी गप्प होते. पाच दिवस एका माणसाला वाटतंय त्याला शुगर नाही. आज सकाळी उठून सरळ गेले राघोकाकांकडे. रुपालीच्या रजिस्टरमधून पत्ता घेतलेला.

दोन मजली बंगला, पुढे भली मोठी गाडी. मागे पूर्वी यांचंच शेत होतं, आता तिथे टॉवर. म्हातारा झोपाळ्यावर, डाव्या पायाला पट्टी. सून कल्पिता पाणी घेऊन आली. मी सांगितलं, लॅबकडून आलेय, त्या दिवशीच्या सगळ्यांची फुकट परत तपासणी आहे, मशीनमध्ये जरा गडबड होती.

‘मना कशाला परत?’ म्हातारा म्हणाला. ‘मना नाय शुगर. डॉक्टरनी सांगला.’

‘पाय बरा होत नाय ओ यांचा,’ कल्पिता म्हणाली. ‘चपलेने कापलेला. महिना होत आला. डॉक्टर म्हणाले शुगर बघा, तर शुगर नाय. मग म्हटलं चला, सुटलो.’

हळदी-लग्नांचे दिवस. घरात लाडवांचा डबा उघडा. म्हातारा दिवसाला पाच-सहा उडवतो असं सूनच सांगत होती, कौतुकाने. त्याने एक माझ्यासमोर धरला. ‘खा पोरी.’

मी म्हटलं, ‘मला शुगर आहे.’

‘आरारा! येवड्या वयात!’ त्याचा चेहरा खरंच पडला. लाडू परत डब्यात टाकला आणि डबा स्वतःच बंद केला, मला बघायला लागू नये म्हणून. कल्पिता म्हणाली, चहा बिनसाखरेचा करते.

शुगर त्याची. वाईट वाटत होतं त्याला माझ्यासाठी. मी चहा प्यायले, उद्या नक्की या म्हणाले आणि रिक्षा पकडली. रिक्षावाला पूर्ण रस्ता फोनवर भांडत होता.

बुधवार, १९ मार्च

राघोकाका ८.६. गोळ्या चालू. पायासाठी सर्जनकडे पाठवलं. सर्जन म्हणे, वेळेत आलात, अजून पंधरा दिवसांनी आला असतात तर बोट काढावं लागलं असतं. रुपालीने फोनवर सांगितलं.

रुपालीला सांगावं लागलं, रविवारी वाटा उलट-सुलट झालेल्या, सहाही जणांना परत बोलव. कुठली जागा, कुठलं मशीन, कोणाचा आकडा कोणाला गेला, हे ती बघत बसली नाही. माझ्यावर विश्वास. बाकी चौघं नॉर्मल.

‘सहावी तू ना गं? तुझंही घेऊ या परत.’

‘मी ठाण्यात केलं,’ म्हटलं. ‘८.२ आलं.’

असं पटकन आलं तोंडातून! दशांशासकट.

‘अरेरे. मला वाटलं चला, निदान तुझं तरी चुकीचं निघेल. अपूर्वसाठी.’

मी म्हटलं, हो ना.

शुक्रवार, २१ मार्च

जेवले. मशीन लावलं. कपडे वाळत घातले.

रविवार, २३ मार्च

आईचा फोन. अपूर्वचं नाव वेटिंग लिस्टला लागलं. किती वर्षं? ‘चार-पाच म्हणतात. जास्तही लागतील. तोवर त्याला असंच…’ पुढे बोलली नाही. ती बोलताना कधी मधेच सोडत नाही. शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलंय, वाक्य पूर्ण करते.

मग म्हणाली, ‘तू मनाला लावून घेऊ नकोस हं. तुझ्या हातात असतं तर तू दिली असतीस, हे मला ठाऊक आहे. अपूर्वलाही ठाऊक आहे.’

मी म्हटलं, कुकर झालाय आई, ठेवते.

कुकर लावलेलाच नव्हता.

मंगळवार, २५ मार्च

पर्समधला कागद काढला, वाचला, परत ठेवला. आता घड्यांवर फाटायला आलाय.

देवेश म्हणाला, ‘तू हल्ली बोलत नाहीस.’ मी म्हटलं, बोलते की.

शनिवार, २९ मार्च

आज रुपालीकडे गेलेले ते लॉग पुसायला. खोटं कशाला लिहू, इथे कोण वाचतंय! २ मार्चचा लॉग गेला की झालं. परत कोणी बसून बघणार नाही, कोणाला काही सिद्ध करता येणार नाही. रुपालीला सांगितलं, डिस्क भरलीये, साफ करते.

पुसण्याआधी लॉगिनची यादी काढली. माझ्याही नोंदी उडवायच्या होत्या. ही यादी साधी असते: कोण आलं, कधी, कुठल्या टर्मिनलवर, किती वेळ. कंप्यूटरसमोर बसून आलं तर टीटीवाय-एक. दुरून, इंटरनेटवरून आलं तर त्याच्यासाठी कर्नल तात्पुरतं टर्मिनल बनवतो, पीटीएस. माणूस गेला की तो नोडही जातो, पुढच्याला तोच नंबर मिळतो. नोंद तेवढी राहते.

१२ मार्च, मी, टीटीवाय-एक. त्याच्या वर खाली काही नसायला हवं होतं.

१३ मार्च, अपूर्व, पीटीएस-शून्य. दोन मिनिटं.

५ मार्च, अपूर्व, पीटीएस-शून्य. सकाळी ११.१०. चौदा मिनिटं.

५ मार्च. बुधवार. डायलिसिसच्या खुर्चीतून. त्याचं लॉगिन आम्ही कधी बंदच केलं नव्हतं. मला कळायच्या सात दिवस आधी!

लॅबच्या जिन्यात जाऊन फोन लावला.

‘तू रुपालीच्या कंप्यूटरवर आलेलास.’

‘हो.’ दचकला वगैरे नाही.

‘पाच तारखेला.’

‘आकडा पटला नाही गं मला. आणि तू नियम लिहिलेला नसणार, हे माहीत होतं.’

‘मग बोलला का नाहीस?’

‘शुक्रवारी बोलणार होतो. तू आलीस. इतकी हलकी दिसत होतीस, ताई. किती महिन्यांनी नीट झोपलेली. माझी जीभच रेटली नाही.’ मागे त्याच्या टीव्हीचा आवाज. त्याने तो बारीक केला. ‘मग रुपालीला म्हटलं, तिला बोलव, कंप्यूटर बघायला सांग. दुसरा जो कोण माणूस होता, त्याचं तरी व्हायला हवं ना. तुझ्याकडून होईल, हे माहीत होतं.’

‘आणि तेराला?’

‘नियम लिहिलास का ते बघायला. लिहिलेलास. छान लिहिलायस.’

मी विचारलं, मग?

‘मग काय. वाट बघितली थोडी. पाच-सहा दिवस. मग म्हटलं, राहू दे.’

रागात नाही म्हणाला. रागात म्हणाला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

शरम वाटली. तोंड तापलं, कान तापले, जिन्यातच बसले. महिन्याभरात पहिल्यांदा काहीतरी वाटलं आणि ते हे. वर जाऊन कंप्यूटर बंद केला. पुसलं काहीच नाही. रुपालीने विचारलं, झाली का साफ? म्हटलं, नाही.

रविवार, ३० मार्च. पाडवा.

आईकडे जेवायला, आम्ही चौघं. माझ्यासाठी बिनसाखरेचा चक्का वेगळ्या वाटीत काढलेला. मी ती वाटी बाजूला सारली आणि मोठ्या पातेल्यातलं श्रीखंड वाढून घेतलं.

‘रुचिता! अगं, शुगर!’

‘मला शुगर नाही, आई. कधीच नव्हती. बारा तारखेपासून मला माहीत आहे.’

आई माझ्याकडे बघत राहिली. मग अपूर्वकडे. तो ताटात बघत होता. देवेशचा घास हातातच.

‘ताई, राहू दे ना,’ अपूर्व म्हणाला.

पर्समधून कागद काढला, आईच्या ताटाशी ठेवला. म्हटलं, ‘मंगळवारी हॉस्पिटलात जातेय. मला खूप भीती वाटतेय. तू चल माझ्याबरोबर.’

आईने हात धुतले, चष्मा आणला आणि कागद शेवटपर्यंत वाचला.

‘किती वाजता?’ म्हणाली.